दहा फूट सरकवलेली कवटी

१९३६ सालचा ऑगस्ट महिना. अमेरिकेच्या मध्यभागातील पठारी राज्ये अवर्षणाने होरपळून निघाली होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट दुष्काळी मुलखाची पाहणी करण्यासाठी आगगाडीने निघाले होते आणि नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक व्हावयाची होती. नेमक्या त्या सुमारास नॉर्थ डाकोटा राज्यातील फार्गो येथील एका वृत्तपत्राने सरकारच्या छायाचित्र विभागावर बनावटगिरीचा आरोप केला. पुरावा होता एका गुराच्या कवटीचा. शेजारच्या साउथ डाकोटातील ओसाड भागात, भेगाळलेल्या जमिनीवर, उन्हाने पांढरीफटक पडलेली एक कवटी, असे ते छायाचित्र होते. ते टिपणारा आर्थर रॉथस्टीन हा विशीतला तरुण, कोलंबिया विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला. त्याने त्याच कवटीची आणखीही छायाचित्रे घेतली होती आणि त्यांत ती वेगवेगळ्या जागी दिसत होती. एका चित्रात खाली भेगाळ माती, दुसऱ्यात गवत. छायाप्रकाशाचा अभ्यास म्हणून कवटी थोडी हलवली, सुमारे दहा फूट, असे रॉथस्टीनने पुढे सांगितले.

दुष्काळ खोटा नव्हता. त्या प्रदेशाच्या नोंदींत १९३६ चा उन्हाळा अत्यंत तप्त आणि कोरड्या उन्हाळ्यांत गणला जातो. त्याआधी दोनच वर्षे, चाऱ्याअभावी मरणपंथाला लागलेली लाखो गुरे सरकारला शेतकऱ्यांकडून विकत घ्यावी लागली होती. परंतु दुष्काळी दौऱ्याच्या ऐन वेळी विरोधी वृत्तपत्रांना चारा, कर्ज आणि स्थलांतर बाजूला सारून कवटीवर बोलण्याची सोय झाली. त्या क्षारयुक्त जमिनीला चांगल्या पावसाच्या सालीही भेगा पडतात, असे विरोधकांनी निदर्शनास आणले. आणि ते खरे होते. रूझवेल्ट यांनी ती निवडणूक ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकली, त्यामुळे या प्रकरणाची राजकीय किंमत फारशी मोजावी लागली नाही. तथापि निवडणूक जिंकल्याने प्रश्न निकालात निघाला असे मानण्याचे कारण नाही. खऱ्या दुःखाच्या बाजूने उभ्या असलेल्या माणसाच्या हातून शंकेला जागा राहिली, की त्या शंकेचा भार अखेर दुःखी माणसावरच पडतो.

छायाचित्रणाच्या क्षेत्रात एक जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, छायाचित्र हे अवचित टिपावयाचे असते. आधी ठरवले की जिवंतपणा गेला. दुसरा पक्ष म्हणतो, जागा, प्रकाश, वेळ आणि विषय यांचा आधी विचार केल्याशिवाय कॅमेरा उचलणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. हौशी छायाचित्रकारांनी हा वाद आपापसात खुशाल घालावा. परंतु चळवळीच्या वर्तुळात तो एका वेगळ्या आणि घातक समजुतीचे रूप घेतो. उत्स्फूर्त टिपलेले ते खरे आणि योजून टिपलेले ते खोटे, अशी ती समजूत आहे. एखादा मोर्चा 'उत्स्फूर्त' निघाला असे वृत्तपत्रात छापून येते तेव्हा त्यामागे किती रात्रींच्या बैठका, किती गावांच्या फेऱ्या आणि किती चहा खर्ची पडलेला असतो, हे ज्या कार्यकर्त्यांना पुरते ठाऊक असते, त्यांनीच कॅमेऱ्याच्या बाबतीत असे भाबडे व्हावे, हे नवलच आहे.

उत्स्फूर्ततेच्या पक्षाचा आराध्य पुरुष म्हणजे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ. १९५२ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी नाव 'निर्णायक क्षण' या अर्थाचे आहे आणि ते जगभर मंत्रासारखे जपले गेले. मूळ फ्रेंच नाव मात्र वेगळेच आहे. परवान्याशिवाय रस्त्यावर माल विकणारे जसा घाईघाईने, पोलिसांची नजर चुकवून धंदा करतात, तशी टिपलेली चित्रे, असा त्याचा भाव आहे. फुटपाथवर चादर पसरून बसलेला आणि पोलिसांची गाडी दिसताच चारही टोके उचलून पळणारा आपल्याकडचा विक्रेता डोळ्यांपुढे आणला म्हणजे हा भाव नेमका कळतो. आता, तो विक्रेता पळतो क्षणात हे खरे. परंतु चादर कशी पसरायची, कोणत्या कोपऱ्यावर बसायचे, गल्ली कोणत्या बाजूला फुटते, हे त्याने आधीच हेरून ठेवलेले असते. कार्तिए-ब्रेसाँचेही तसेच. त्याने तरुणपणी आंद्रे लोत या चित्रकाराकडे चित्ररचनेचे कसून शिक्षण घेतले होते. लोकांच्या नजरेत भरू नये म्हणून छोट्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग तो काळ्या पट्टीने झाकून टाकी. फ्लॅश वापरीत नसे.

१९३७ च्या मे महिन्यात लंडनला सहाव्या जॉर्जचा राज्यारोहण समारंभ झाला, तेव्हा 'स सुआर' या पॅरिसच्या कम्युनिस्ट दैनिकासाठी तो तेथे गेला. साऱ्या जगाचे कॅमेरे राजाच्या रथाकडे रोखलेले होते. या गृहस्थाने राजाकडे पाठ फिरवून, राजाला पाहायला जमलेल्या माणसांची छायाचित्रे घेतली. कठड्यावर दाटीवाटीने बसलेले लोक मिरवणूक पाहत आहेत आणि त्यांच्या पायांशी, रद्दी वर्तमानपत्रांच्या पसाऱ्यात, एक माणूस गाढ झोपलेला आहे, असे त्यांतले एक चित्र प्रसिद्ध आहे. त्या झोपलेल्या माणसाची योजना कोणी केली नव्हती. परंतु राजाकडे पाठ फिरवायची हा निर्णय क्षणात सुचलेला नव्हे. त्यामागे एक विचार होता आणि तो विचार पॅरिसहून निघतानाच त्याच्यापाशी होता, असे मानावयास हरकत नाही.

दुसऱ्या पक्षाकडे वळावयाचे तर पुन्हा रॉथस्टीनच्या खात्याकडेच यावे लागते. त्या छायाचित्र विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर हा छायाचित्रकार नव्हताच. तो कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवीत होता. १९३५ पासून सुमारे आठ वर्षे त्याने डझनभर छायाचित्रकारांना देशभर हिंडवले आणि पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह जमविल्या. आज त्या अमेरिकेच्या संसदीय ग्रंथालयात आहेत. माणूस दौऱ्यावर निघण्याआधी त्याला त्या प्रदेशाचा भूगोल, पिके, मजुरी आणि कर्जव्यवस्था वाचावी लागे. कार्ल मायडन्स हा छायाचित्रकार कापसाच्या मुलखात निघाला तेव्हा स्ट्रायकरने त्याला विचारले, कापसाबद्दल तुला काय माहीत आहे? फारसे काही नाही, असे उत्तर मिळताच त्याने त्याचा त्या दिवशीचा प्रवास रद्द करविला आणि कापसाचे पीक, त्याचा व्यापार, दक्षिणेच्या इतिहासातील त्याचे स्थान यांवर त्याच्याशी रात्रीपर्यंत बोलत बसला. 'मिडलटाउन' या गाजलेल्या समाजशास्त्रीय ग्रंथाचा सहलेखक रॉबर्ट लिंड याच्याशी १९३६ साली झालेल्या चर्चेनंतर स्ट्रायकरने आपल्या माणसांना एक टिपण धाडले. निरनिराळ्या उत्पन्नाची कुटुंबे संध्याकाळ घरात कशी घालवतात, गावात पुरुष कोठे भेटतात आणि स्त्रियांना भेटण्यासाठी कोणती जागा उरते, हे पाहा, असे त्यात होते. असा प्रश्न मनात घेऊन गावात शिरलेल्या माणसाला जे दिसेल, ते नुसता कॅमेरा घेऊन शिरलेल्याला दिसणार नाही.

स्ट्रायकर संत नव्हता. जी निगेटिव्ह त्याला नापसंत पडे तिला तो सरळ कागदाला भोक पाडण्याच्या यंत्राने भोक पाडी. छायाचित्रकारांनी यावर पुष्कळ आरडाओरडा केला तेव्हा कोठे ही चाल थांबली. नियोजनाचा अधिकार एकाच टेबलावर एकवटला म्हणजे काय होते, याचे ते भोक चांगले प्रतीक ठरावे. काही निगेटिव्हमधील माणसांच्या अंगावर आजही काळे वर्तुळ दिसते.

कापसाबद्दलचा तो प्रश्न मात्र आपल्या देशाच्या संदर्भात अधिकच टोचतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची सुनील जाना यांची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिलेली आहेत. कम्युनिस्ट पक्षाचे तेव्हाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांनी कलकत्त्याच्या या विद्यार्थ्याला आणि चित्रकार चित्तप्रसाद यांना दुष्काळग्रस्त भागात नेले, आणि मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या पक्षपत्रातून ती चित्रे देशापुढे आली. त्यांचे मोल वादातीत आहे. परंतु उपासमारीचे छायाचित्र पाहणाऱ्याच्या मनात एक चुकीचे उत्तर आपोआप तयार होते: धान्य नव्हते म्हणून माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की त्या साली बंगालमधील एकूण तांदूळ असाधारण कमी नव्हता. युद्धकाळच्या महागाईत तांदळाचा भाव चढत गेला आणि शेतमजूर, कोळी, वाहतुकीवर पोट भरणारे कष्टकरी यांची मिळकत त्या भावाला पुरी पडेना. बरगड्या छायाचित्रात दिसतात, भाव दिसत नाही. भाव दाखवावयाचा असेल तर दुकान, गोदाम, आठवडी बाजार, मोडीत निघालेली भांडीकुंडी, विकायला काढलेली जाळी, येथे कॅमेरा न्यावा लागतो. आणि तेथे तो तेव्हाच जातो जेव्हा नेणाऱ्याला भावाचा हिशेब ठाऊक असतो. हे ज्ञान रस्त्यावर क्षणात टिपता येत नाही.

मग उत्स्फूर्त क्षणाला काही स्थानच नाही काय? आहे; आणि त्याची थोरवी व त्याचा दोष ही दोन्ही एकाच छायाचित्रात पाहावयास मिळतात. डोरोथिया लँग ही स्ट्रायकरच्या विभागातील बहुधा सर्वांत समर्थ छायाचित्रकार. तिचा पती पॉल टेलर हा कॅलिफोर्निया विद्यापीठातील कामगार-अर्थशास्त्रज्ञ. स्थलांतरित मजुरांच्या पाहणीत त्याने तिला प्रथम सोबत घेतले तेव्हा सरकारी आस्थापनेत छायाचित्रकाराची जागाच नव्हती, म्हणून कागदोपत्री तिची नेमणूक टंकलेखिका अशी दाखवावी लागली. (सरकारी कचेऱ्या सर्वत्र सारख्याच असतात.) टेलर मजुरांना प्रश्न विचारी, लँग छायाचित्रे घेई आणि माणसांच्या तोंडचे शब्द वहीत उतरवून ठेवी. ही तिची पद्धत होती.

१९३६ च्या मार्चमध्ये महिनाभराचा दौरा आटोपून ती एकटी मोटारीने घरी परतत होती. निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी दिसली. ती तशीच पुढे गेली. वीसेक मैल गेल्यावर मनाने उचल खाल्ली आणि ती मागे फिरली. थंडीने पीक गारठून गेले होते आणि मजूर बेकार पडले होते. एका राहुटीत ३२ वर्षांची एक स्त्री मुलांना घेऊन बसली होती. लँगने दहा मिनिटांत मोजकीच छायाचित्रे घेतली आणि निघून गेली. त्यांतले शेवटचे चित्र 'स्थलांतरित माता' म्हणून जगभर गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रात त्या मालिकेतील चित्रे छापून आली आणि छावणीकडे वीस हजार पौंड धान्यसामग्री रवाना झाली. ती पोहोचली तोपर्यंत ते कुटुंब तेथून पुढे गेलेले होते.

या प्रसंगी लँगने आपली नेहमीची पद्धत मोडली. तिने त्या स्त्रीचे नाव विचारले नाही, तिची हकीकतही विचारली नाही. पुढे तिनेच तसे लिहिले आहे. म्हणजे तिचे सर्वांत प्रसिद्ध चित्र हे तिच्या आयुष्यातील सर्वांत कमी तयारीने घेतलेल्या चित्रांपैकी एक आहे. क्षणाने चित्र दिले आणि क्षणानेच नाव गमावले. पुढची ४२ वर्षे तो चेहरा नावावाचून हिंडत राहिला. १९७८ साली फ्लॉरेन्स थॉम्पसन नावाची वृद्ध स्त्री पुढे आली. ती चेरोकी वंशाची होती, ही गोष्टही तोवर कोणाला ठाऊक नव्हती. या चित्राने जगाने काय काय मिळविले असेल, आपल्याला दमडीही मिळाली नाही, आपले नावसुद्धा कोणी विचारले नाही, अशी तिची तक्रार होती. लँगलाही त्या चित्राचे मानधन मिळत नव्हते, कारण ते सरकारी मालमत्ता होते, हे खरे. परंतु त्याने तक्रारीचा दुसरा भाग खोडून निघत नाही. १९८३ साली ती आजारी पडली तेव्हा तिच्या मुलांनी आवाहन केले आणि लोकांनी पैसे पाठविले. त्याच वर्षी ती वारली.

येथवर योजनेची बाजू वरचढ दिसते. परंतु योजना या शब्दात दोन अगदी भिन्न गोष्टी दडलेल्या आहेत आणि त्यांची गल्लत करणे हेच या वादातील सर्वांत मोठे दुखणे आहे. एक योजना छायाचित्रकार स्वतःवर लादतो: वाचन, ओळख, प्रतीक्षा, नोंद. दुसरी योजना तो समोरच्या माणसावर लादतो. मार्गारेट बर्क-व्हाइट या 'लाइफ' साप्ताहिकाच्या नामांकित छायाचित्रकार बाई १९४६ साली गांधीजींचे चरख्याजवळचे छायाचित्र घ्यावयास आल्या. आधी सूत कातायला शिका, मग चित्र घ्या, अशी अट त्यांना घालण्यात आली आणि त्यांनी ती पाळली. पुढच्याच वर्षी याच बाई पंजाबातील निर्वासितांच्या तांड्यांची छायाचित्रे घेत होत्या. तेव्हा सोबत असलेल्या 'लाइफ'च्याच एका स्त्री पत्रकाराने नंतर सांगितले, की मनासारखे चित्र मिळेपर्यंत त्या थकल्याभागल्या माणसांना पुन्हा पुन्हा मागे जाऊन चालत यायला लावण्यात आले आणि नाही म्हणण्याची त्यांची छाती नव्हती. छायाचित्रकार एकच, कौशल्य एकच. गांधीजींच्या दाराशी अट घालणारा कोणी होता, तांड्यापाशी कोणी नव्हता. छायाचित्रातही वर्गसंबंध असतात ते असे.

डाव्या चळवळीच्या स्वतःच्या संग्रहातही अशी दुखरी चित्रे आहेत. स्पेनच्या यादवी युद्धात गोळी लागून कोसळणाऱ्या प्रजासत्ताकवादी सैनिकाचे रॉबर्ट कापाचे चित्र सप्टेंबर १९३६ मध्ये पॅरिसच्या 'व्हू' साप्ताहिकात छापून आले आणि फॅसिझमविरोधी लढ्याचे जणू बोधचिन्ह बनले. ते सेर्रो मुरियानो येथील रणभूमीवरचे आहे असे दीर्घकाळ मानले जाई. पार्श्वभूमीतील डोंगररांगा पडताळून स्पॅनिश अभ्यासकाने २००९ साली दाखविले, की ती जागा तेथून दूर, एस्पेहो गावाजवळची असावी, जेथे त्या दिवसांत लढाई झालीच नव्हती. मूळ निगेटिव्ह उपलब्ध नाही, वाद मिटलेला नाही. कापा १९५४ साली इंडोचीनमध्ये सुरुंगावर पाय पडून मारला गेला. तो भित्रा होता असे कोणी म्हणू शकत नाही. पण त्या दिवशी काय घडले याची नोंद त्याने ठेवली नाही आणि स्पेनमध्ये खरोखर मेलेल्या हजारोंच्या वतीने उभे असलेले चित्र आज संशयाच्या धुक्यात आहे. बर्लिनच्या राइशस्टागवर १९४५ साली लाल निशाण फडकतानाचे येव्गेनी खाल्देई याचे चित्रही आधी योजलेले होते. निशाणे टेबलक्लॉथच्या कापडाची, मॉस्कोत शिवून घेतलेली. एवढे चालून जाईल. परंतु एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत होती, त्यांतले एक खरवडून काढण्यात आले. लुटीची शंका येऊ नये म्हणून केलेल्या त्या खरवडणीनेच शंका कायमची चिकटून राहिली.

हा सारा घोळ ज्याच्या कामाने उलगडतो तो माणूस या सर्वांच्या आधीचा आहे आणि कलेच्या चर्चेत त्याचे नाव मागाहून येते. लुइस हाइन. जन्म १८७४. तरुणपणी स्वतः कारखान्यात तुटपुंज्या पगारावर राबलेला, मग समाजशास्त्र शिकलेला, न्यूयॉर्कमधील एका शाळेत शिक्षक. अमेरिकेच्या १९०० सालच्या शिरगणतीत १० ते १५ वर्षे वयाची साडेसतरा लाख मुले कामावर असल्याचे नोंदले गेले होते. बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीने १९०८ साली हाइनला पूर्ण वेळ कामावर घेतले. कापडगिरण्या, काच कारखाने, कोळशाच्या खाणी, मासळीचे डबे भरण्याचे कारखाने, असा तो वर्षानुवर्षे फिरला.

त्याच्याजवळची सामग्री अशी, की उत्स्फूर्त टिपणे शक्यच नव्हते. तिपाईवरचा पेटीकॅमेरा, काचेच्या पट्ट्या आणि उजेडासाठी मॅग्नेशियमची भुकटी. ती पेटली की साऱ्या खात्यात धूर होई. मुलाला उभे करावे लागे, हलू नको म्हणून सांगावे लागे. हाइनची मुले म्हणूनच सरळ भिंगाकडे पाहतात. मालक आत सोडीत नसत. मग कधी आगीचा निरीक्षक, कधी बायबल विकणारा, कधी यंत्रांची छायाचित्रे घेणारा, अशा बतावण्या करून तो शिरे. म्हणजे एका अर्थाने सारेच रचलेले. मालकांशी असत्य बोलणेही आलेच, आणि त्याचे समर्थन करावयास येथे संकोच वाटण्याचे कारण नाही.

पण नोंदीच्या बाबतीत हा माणूस कमालीचा कर्मठ होता. आपल्या कोटाचे प्रत्येक बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्याने मोजून ठेवले होते. मूल जवळ उभे राहिले की कितव्या बटणापर्यंत पोहोचते ते पाहून तो त्याची उंची ताडी आणि खिशात हात घालून, कोणाला न कळत, कागदावर टिपून घेई. नाव, मुलाने सांगितलेले वय, कामाला लागल्याला किती दिवस झाले, पाळी दिवसाची की रात्रीची, मजुरी किती, वाचता येते काय. जानेवारी १९११ मध्ये पेनसिल्व्हेनियात कोळशातून दगड निवडणाऱ्या मुलांची त्याने घेतलेली चित्रे आहेत. कोळसा घसरत येणाऱ्या पन्हळींवर वाकून बसलेली पोरे, तोंडे काजळलेली, मागे उभा मुकादम. आपले पुरावे खोटे ठरविण्याचा प्रयत्न होणार हे त्याने गृहीतच धरले होते. म्हणून चित्रात रतिभर फेरफार नाही, हा त्याचा नियम होता.

त्या छायाचित्रांनी बालमजुरी नष्ट केली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. १९१६ साली संघराज्याने कायदा केला, १९१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. १९३८ च्या कायद्याने मर्यादा आल्या त्या महामंदीनंतर, प्रौढच बेकार असताना आणि कामगार संघटना बळावलेल्या असताना. परंतु या दीर्घ लढाईत समितीच्या हाती असलेला पुरावा टिकून राहिला. मुले खरोखर उभी केलेली होती, ती पोज देऊन उभी होती, तरीही तो पुरावा होता, कारण कोण, कोठे, केव्हा, किती तास हे सर्व लिहिलेले होते आणि कोणालाही तेथे जाऊन पडताळता येत होते. रॉथस्टीनच्या कवटीखाली असे काही लिहिलेले असते, की ही कवटी दहा फुटांवरून आणून येथे ठेवली आहे, तर फार्गोच्या वृत्तपत्राला छापण्यासारखे काय उरले असते?

आज प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात कॅमेरा आहे आणि एखाद्या मोर्चाची शेकडो छायाचित्रे तासाभरात सर्वत्र पोहोचतात. कोरड्या विहिरीत उतरलेल्या बाईचे, टँकरभोवतीच्या घागरींचे, ऊसतोडणी मजुरांच्या कोप्यांचे चित्र येते. गाव कोणते, तारीख कोणती, बाई कोण, तिला विचारले होते काय, यांपैकी काहीच सोबत येत नाही. मागील दुष्काळातील चित्र या वर्षीचे म्हणून फिरते आणि एकदा ते उघडकीस आले की तहसील कचेरीतील अधिकाऱ्याला खऱ्या निवेदनाकडेही दुर्लक्ष करायला सबब मिळते. शिवाय आता संगणकाला नुसती आज्ञा दिली, की कधी न घडलेल्या घटनेचे, कधी न जन्मलेल्या माणसाचे हुबेहूब छायाचित्र तयार होते. त्यात चेहऱ्यावर उत्स्फूर्त भावही असतात. चित्राकडे पाहून खरेखोटे ठरविण्याचे दिवस त्यामुळे संपले आहेत. कोणत्याही जिल्हा शाखेला पाच-सहा ओळींची चित्रनोंद सक्तीची करण्यासाठी निधी लागत नाही. माणसाचे नाव छापल्याने त्याच्यावर मालकाचा किंवा सावकाराचा रोष ओढवणार असेल तर ते छापू नये, परंतु शाखेच्या वहीत ते असावे. आणि जिचे चित्र घेतले तिला ते दाखवावे, तिच्या हाती त्याची एक प्रत द्यावी. मोर्चाच्या बंदोबस्ताची आखणी जो काळजीपूर्वक करतो, त्याला हे जड जाऊ नये.

हाइनचे शेवटचे दिवस वाईट गेले. स्ट्रायकरच्या विभागात काम मिळावे म्हणून त्याने वारंवार पत्रे लिहिली. स्ट्रायकरने त्याला घेतले नाही. राहते घर गेले आणि १९४० साली तो निर्धन अवस्थेत वारला. बालमजुरीविरोधी समितीसाठी त्याने केलेली पाच हजारांहून अधिक छायाचित्रे नोंदींसकट अमेरिकेच्या संसदीय ग्रंथालयात पोहोचली. २००५ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील एका लेखकाने त्या नोंदींतील नावे आणि गावे घेऊन, जुन्या शिरगणत्या आणि मृत्युनोंदी चाळत, त्या मुलांच्या वंशजांचा शोध सुरू केला. पुष्कळ घरांतून ते सापडले. आपली आजी लहानपणी गिरणीत होती हे काहींना ठाऊक होते, काहींना नव्हते; तिचे ते चित्र मात्र बहुतेकांनी प्रथमच पाहिले.